इंदूबाईंच्या गॅरेजचं दार

नितीन शिडीवर उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत स्क्रूड्रायव्हर होते.

"खाली उतरा," मी म्हटलं.

"ताई, पाच मिनिटांचं काम आहे. व्हिडिओत बघितलंय."

"ते दोन्ही स्क्रूड्रायव्हर मला द्या आणि खाली उतरा. बोलू मग."

तो उतरला. त्याची बायको पल्लवी घरात जाणाऱ्या दारात हाताची घडी घालून उभी होती. फोन तिनेच केला होता. इथल्या आपल्या माणसांच्या असोसिएशनच्या कार्यक्रमांत आमची तोंडओळख होती. "जय भीम ताई, तुम्ही गॅरेज डोअरचं करता ना? लगेच या, हा ऐकत नाहीये," एवढंच ती म्हणाली होती. आमच्या या परदेशी गावात, मिसिसागात, माझी व्हॅन जवळच उभी होती, म्हणून वेळेवर पोचले.

मी गॅरेजची दारं दुरुस्त करते. अमरावतीत मेकॅनिकल डिप्लोमा केला, इकडे आल्यावर दारांच्या फॅक्टरीत लागले, तिथून या कामात. इतक्या वर्षांत माझ्या हातून बिघडलेली कामंही आहेत. हे त्यातलं नाही. हे काम अगदी बरोबर झालं, आणि तरीही ज्याची मला सगळ्यात जास्त चुटपुट लागून राहिली, ते हेच.

गॅरेजचं दार मोटर उचलते असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. दार उचलते स्प्रिंग. दाराच्या वर, भिंतीला समांतर एक आडवा दांडा असतो. त्यावर जाड तारेच्या दोन स्प्रिंगा पिळून बसवलेल्या असतात. दार खाली येतं तेव्हा त्या आणखी पिळल्या जातात आणि वर जाताना तो पीळ दाराचं ओझं पेलतो. मोटर फक्त ढकलते. स्प्रिंग तुटली की दार म्हणजे नुसती भिंत. इकडच्या फेब्रुवारीत लोखंड थंडीने कडक होतं आणि जुनी स्प्रिंग सकाळी सकाळी फटाक्यासारखी फुटते.

नितीनच्या दोनपैकी एक फुटली होती. दुसरी अजून पूर्ण पिळलेली होती, आणि हा तिला स्क्रूड्रायव्हर घालून सोडवायला निघाला होता. त्यासाठी आमच्याकडे वाइंडिंग बार असतात, स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात नेमक्या बसणाऱ्या पोलादी सळया. स्क्रूड्रायव्हर निसटला की तो तोंडावर येतो. मनगट मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

मी शिल्लक स्प्रिंगचा पीळ सोडवला. नितीन खालून बघत होता.

"गेल्या वर्षीच दोन्ही बदलल्या होत्या. माल खराब दिला त्या हँडीमॅनने. म्हणून या वेळी मीच मागवल्या. सेम साइज, तार मोजून."

"दार मोजलंत?"

"दार कशाला? स्प्रिंग बदलायची आहे."

स्प्रिंग दाराच्या वजनाप्रमाणे निवडतात. मी दाराला मोटरशी जोडणारा हूक सोडवला, तरफेने दार जरा उचललं आणि खाली माझा वजनकाटा सरकवला. काटा बघून मी नितीनकडे पाहिलं. त्या मापाच्या दाराचं जेवढं वजन असायला हवं, त्याच्या जवळजवळ दीडपट होतं.

दारावर टिचकी मारली. पत्र्याचा आवाज यायला हवा, तो आलाच नाही. आतून फोम, फोमवर प्लायवूड, प्लायवर चकचकीत शीट. दाराच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळा तुकडा, म्हणजे दार वर जाताना वळावं. काम सुबक होतं.

"हे कोणी केलं?"

"मी," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता. "डिझाइन इंजिनियरच आहे ना मी. थंडी येत नाही आता. हात लावून बघा."

"आणि या प्लायचं वजन कोण उचलणार होतं?"

 तो स्वतःशीच हसला. इंजिनियरला एवढं पुरतं.

"पण गॅरेजला इन्सुलेशन कशाला? गाडी तर बाहेर बर्फात उभी आहे."

"आईसाठी," पल्लवी म्हणाली.

तोवर मी कोपरा नीट पाहिला नव्हता, पण वास मी आल्यापासून येत होता. लसूण, तिखट, सुकट. बाजूच्या भिंतीशी दोन शेगड्यांचा स्टोव्ह, खाली बार्बेक्यूचा प्रोपेन सिलिंडर. खिळ्यांना तवा, पळ्या, चिमटा. ज्वारीच्या पिठाचा डबा. विंटर टायर एकावर एक रचून त्यांवर जुनी चादर टाकलेली, बसायला.

नितीनच्या आई इंदूबाई मागून चहा घेऊन आल्या. अकोल्याकडच्या. अंगात स्वेटर, त्यावर मुलाचं जुनं जॅकेट, पायांत लोकरी मोजे आणि चप्पल.

"घे व बाई. दाराचा डॉक्टर बाई असते, हे मले आजच समजलं."

घरात फोडणी दिली की वास कोटांना लागतो. पल्लवी बँकेत कामाला, नात शाळेत. नातीने एकदा म्हटलं, "आजी, माय जॅकेट स्मेल्स." तेव्हापासून फोडणी, भाकरी आणि सुकट गॅरेजमध्ये. आपल्याकडच्या किती तरी घरांत अशी दुसरी चूल असते. दार उघडं ठेवून कोणी उन्हाळ्यात पुऱ्या तळतं, त्याचं काही नाही. इथे कडाक्याच्या थंडीत दार लावून रोज स्वयंपाक चालला होता.

बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुलीही इथेच जेवायच्या. वर घरात जायचा त्यांना संकोच वाटायचा. गॅरेज कोणाचंच नव्हतं, म्हणून तिथे त्या ताटल्या घेऊन टायरांवर बसत. एक सोलापूरची, दोघी नाशिककडच्या. इंदूबाई शेगडीवरची भाकरी थेट ताटात टाकत आणि त्यांच्या नोकऱ्यांच्या, बॉसच्या, पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, गोष्टी ऐकत. हे सगळं त्यांनीच मला चहा पिऊन होईपर्यंत सांगितलं. नवीन देशात आलेल्या बाईला बोलायला माणसं मिळाली होती.

"धूर कुठून जातो?" मी विचारलं.

"दार थोडंसं वर करतो ना. बटण दाबलं की वर, दाबलं की थांबते. एवढं." त्यांनी वीतभर हात दाखवला. "गार लागलं की लावतो. धूर झाला की उघडतो."

म्हणजे दार दिवसभर वरखाली. वर दीडपट वजन. त्या स्प्रिंगने एक वर्ष काढलं हेच खूप होतं.

"फुटली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथंच. पाटावर." पाट दाराच्या फटीसमोर होता. "धडामकन आवाज झाला. दार येऊन आदळलं. परातीनं झेललं."

परात दाखवली. पितळेची, जड. काठ आत वळून दुमडला होता. परात त्यांच्या पायांपुढे होती.

त्या हसत होत्या. नितीन हसत नव्हता. हे त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं.

मी बाहेर ड्राइव्हवेवर जाऊन बॉसला फोन लावला. टोनी जुना माणूस आहे, त्याने सगळं पाहिलेलं आहे. माझं नाव तोडून तो मला विश म्हणतो.

"विश, घरात सिलिंडर? बंद गॅरेजात? स्टोव्ह पेटवून?"

"रोज."

"मग त्या दाराला हात लावू नकोस. स्टोव्ह बाहेर गेला, तर दार कर. नाहीतर सामान आवर आणि निघ. उद्या काही झालं तर शेवटी तिथे कोण होतं? आपण."

त्याने सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं. प्रोपेन बंद जागेत जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो पाटावर बसल्या बसल्या कलंडतो. दार नीट बसवलं की ते घट्ट मिटणार होतं. माझं काम जितकं चांगलं, तितका धोका जास्त.

आत येऊन मी सरळ सांगितलं. आडवळणं मला जमत नाहीत.

इंदूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "वजन जास्त हाय ना? मंग मोठी स्प्रिंग लाव."

"दाराचं जमेल, आई. गॅसचं नाही जमणार."

"मी कधीची करून राहिली. मले कुठं काय झालं?"

"झालं नाही, पण होईल. परवा पाय गेले असते. उद्या झोपेतच जाल."

"मले सांग व बाई." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "घरात केलं त वास येते. बाहेर केलं त बर्फ. इथं केलं त कायदा. मंग करू कुठी?"

 नितीन खाली बघत होता. पल्लवी पुढे आली.

"आई, घरातच करा आता. मी काही बोलणार नाही. खरंच."

"तू नाही बोलणार. तुह्या नाकाचं काय?"

पल्लवीला हसू आलं आणि ते तिने गिळलं. ती वाईट नव्हती. दिवसभर लोकांसमोर बसायचं असतं, कोटाला सुकटीचा वास चालत नाही, हे मलाही कळतं.

मी मार्ग सांगितले. त्यांच्या किचनमधला हूड, म्हणजे शेगडीवरची चिमणी, हवा गाळून परत खोलीतच सोडत होता. बाहेर डक्ट काढलेला दमदार हूड बसवला तर फोडणी घरात जमली असती. किंवा गॅरेजमध्ये परमिट काढून, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून इलेक्ट्रिक शेगडी आणि पंखा.

"उन्हाळ्यात करून घेऊ," नितीन म्हणाला. "आधी दार होऊ दे."

मी मान डोलावली. ते माझ्या कामात येत नव्हतं.

सिलिंडर नितीनने बाहेर नेऊन ठेवला. मग म्हणाला, "स्टोव्हच नाही तर प्लाय कशाला?" आणि स्वतःच बसवलेले स्क्रू स्वतःच काढायला लागला. एकेक तुकडा भिंतीला टेकवत गेला. इंदूबाई भिंतीवरच्या पळ्या काढून टोपलीत ठेवत होत्या. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. तेवढ्यात सोलापूरची मुलगी बाजूच्या दाराने डोकावली, हातात रिकामी ताटली.

"आजी, आज नाही का?"

"आज दाराचं जेवण हाय," इंदूबाई म्हणाल्या. "जा, वरून घेऊन जा. फ्रिजात हाय."

ती वर गेली नाही. बेसमेंटमध्ये परत गेली.

मी मोकळ्या दाराचं वजन परत केलं आणि व्हॅनमधून त्या वजनाच्या स्प्रिंगा आणल्या. प्लाय निघाल्यावर नितीनने मागवलेल्याही मापाने चालल्या असत्या, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या हलक्या प्रतीच्या होत्या. माझ्या बसवल्या, पाव पाव वळसा देत पिळल्या, केबल तपासल्या. मग मोटर न जोडता दार हाताने कमरेपर्यंत उचललं आणि सोडून दिलं. ते तिथेच थांबलं. वर गेलं नाही, खाली आलं नाही. याला आम्ही बॅलन्स म्हणतो. माझ्या कामातला सगळ्यात आवडता क्षण तो आहे. त्या दिवशी तो मला नीट घेता आला नाही.

बटण दाबलं. दार पूर्ण वर गेलं. बाहेरची थंड हवा आत शिरली आणि लसणाचा वास पाहता पाहता निघून गेला.

पुढचं मला ऑक्टोबरमध्ये कळलं. थंडीआधी दारं तेल-पाणी करून घेतात, तशी नितीनची अपॉइंटमेंट होती. दार उत्तम चालत होतं. स्टोव्हच्या जागी आता गाडी उभी होती.

"आई कुठे?"

"मेमध्ये गेली अकोल्याला," तो म्हणाला. "करमेना तिला."

पल्लवीने नीट सांगितलं. घरात काचेची, जाळ नसलेली इलेक्ट्रिक शेगडी. तिच्यावर भाकरी फुगत नव्हती. तवा तापवला की स्मोक अलार्म वाजायचा, मग पल्लवी टॉवेल हलवत अलार्मखाली उभी. ती खरंच एक शब्द बोलली नाही. इंदूबाईंनीच हळूहळू करणं सोडलं. बेसमेंटमधल्या मुली वर यायच्या नाहीत. मग त्यांनी दुसरीकडे खोली बघितली. इंदूबाई दिवसभर खिडकीशी बसायच्या. व्हिसा बराच शिल्लक होता, तरी म्हणाल्या, मला पाठवा.

"हूड?"

"राहूनच गेला, ताई. ऑफिस, मुलीची शाळा. उन्हाळा कधी संपला कळलंच नाही."

नितीनने व्हिडिओ कॉल लावून दिला. मला नको होतं, पण त्याने लावला. इंदूबाई त्यांच्या घरात ओट्यापाशी उभ्या होत्या. मागे गॅसवर तवा होता, खिडकी सताड उघडी.

"कशी हायेस व? दार चालते ना?"

"चालतं, आई. तुम्ही कशा?"

"मस्त. इथं कोणी काही म्हनत नाही. केलं त केलं, नाही केलं त नाही." तव्याकडे एकदा पाहिलं. "एकटीले दोन भाकरी लागतात. पीठ मळाले घेतलं की मोजमापच चुकते. जास्तच होऊन जाते."

मग त्यांनी मुलींचं विचारलं. कोणाला पीआर मिळाला का, सोलापूरच्या पोरीने ती नोकरी सोडली का. नितीनला काहीच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मी रोलरना तेल दिलं, पावती केली आणि निघाले.

गॅरेजमध्ये प्रोपेन पेटवू नका, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगते. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका आणि दारावर वजन वाढवलं असेल तर तेही आधी सांगा. त्या दिवशी तोच प्रसंग परत आला तरी मी स्टोव्ह बाहेर काढायलाच लावेन. फक्त आता अशा घरी गेले की दाराचं काम मी शेवटी धरते. आधी हूडवाल्याला माझ्यासमोर फोन लावायला सांगते आणि त्याची तारीख पक्की झाली की मगच शिडी उघडते. टोनी वैतागतो. आपण दारवाले आहोत, किचनवाले नाही, म्हणतो. बरोबर आहे त्याचं. पण गॅरेजचं दार आठवडाभर बंद राहिलं तर कोणाचं काही अडत नाही.