कौतिकनानांचे हात

कौतिकनाना बसल्या बसल्या झोपायचे. गिऱ्हाईक बोलता बोलता पाणी प्यायला माठाकडे वळलं, की तेवढ्यात नानांचे डोळे मिटलेले असत. पाठ ताठ, हातात तांब्याची तार तशीच. गिऱ्हाईक वळलं की डोळे उघडून बोलणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू. कळवणच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्यावर मी त्यांच्या दुकानावरची भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हाही ते असेच झोपले होते. मी हलकेच "अहो काका" म्हटलं. डोळे न उघडताच ते म्हणाले, "वर जा, मॅडम. दार उघडं हाय. खोली पसंत पडो ना पडो, पंखा लावून बघा. आत्ताच दुरुस्त केलाय."

नाना सैन्यातून निवृत्त झालेले. तिथे ते गाड्या दुरुस्त करायचे. बर्फातल्या एका ठाण्यावर त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली, म्हणून जरा लंगडत. पेन्शनीवर निवांत बसता आलं असतं. पण त्यांनी स्टँडमागे विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. उन्हाळ कांदा पाण्यावर आला की सकाळीच दुकानासमोर माणसं उभी असायची. "नाना, आजच पायजे. कांदा वाळून चाललाय." कुणालाच नाही म्हणणं नानांना जमत नसे. मान खाली घालून तार गुंडाळता गुंडाळता ते पुटपुटत, "मोटार काय उगाच जळत नाय. लाईट कमी, तरी हे बटण मारत राहतात. दमलेल्याला किती ढकलायचं, त्याला काही माप हाय का नाय?"

एकदा सव्वीस जानेवारीला आम्ही त्यांना शाळेत पाहुणे म्हणून बोलावलं. ते छातीवर पदकं लावून आले. एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" नाना गोंधळले. मग म्हणाले, "मी कुणाला नाय मारलं, बाळा. मी गाड्या ढकलल्या. रसद चढवली. एका दोस्ताला पाठीवर घेऊन डोंगर उतरलो. फौज म्हणजे लय ओझं उचलायचं काम असतं." तो दोस्त वाचला का, असं कुणीतरी मागून विचारलं. "खाली पोचेपर्यंत बोलत होता," एवढं सांगून नाना खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत नाना आणि त्यांची बायको राहत. तिला सगळे माई म्हणत. अर्धांगवायूने माईंची उजवी बाजू गेली होती. बोलणं शाबूत होतं, पण सावकाश. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, केस विंचरणं, सगळं नाना करत; मधे मधे दुकानात येऊन हातातलं काम पुढे नेत. मी एकदा म्हटलं, "नाना, कामाला एखादी बाई बघू का?" नाना म्हणाले, "ड्युटीवर बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाय, असं आम्हाला शिकवलंय." आतून माईंचा आवाज आला, "बदली यायची नाही हो. मी येऊच देणार नाही." नाना हसले. पण हसतानाही त्यांनी कंबर धरली होती.

एके दिवशी मी शाळेतून आले तर दुकान उघडं, नानांची जागा रिकामी आणि बाहेर बाकावर एक शेतकरी ताटकळत बसलेला. "नाना आत गेलेत," तो वैतागून म्हणाला. "हाक मारली की म्हणतात, थांब जरा. किती थांबायचं?" मी आत गेले. दोघंही जमिनीवर पडलेले होते. माईंना पलंगावरून उचलताना नानांचा पाय घसरला होता, आणि त्या त्यांच्या हातावरच पडल्या होत्या.

"मॅडम, आधी हिचं लुगडं सावरा," नाना म्हणाले. "मग बाहेरच्या गड्याला बोलवा."

"अहो, त्यालाच हाक मारायची ना!"

"अशा अवस्थेत परका माणूस आत कसा घ्यायचा? कुणीतरी बाईमाणूस येईल म्हणून वाट बघत होतो."

माई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यांचा हात मोडलाय गं. आवाज आला मला. हे मात्र मलाच विचारतायत, लागलं का म्हणून."

हात खरंच मनगटात मोडला होता. त्यांचा मुलगा प्रकाश नाशिकला एका कारखान्यात होता. तो त्याच संध्याकाळी आला. याआधीही त्याने दोघांना नाशिकला न्यायचा हट्ट केला होता, आणि दर वेळी नानांनी दुकानाचं कारण पुढे केलं होतं. या वेळी तो चिडून म्हणाला, "नाना, दुकान तुमच्याशिवाय फार तर बंद पडेल. पण तुम्ही पडलात तर आईला कोण बघेल?" नाना प्लास्टरमधल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग तूच उचल तिला. कसं उचलायचं ते दाखवतो." त्यांनी पलंगाशेजारी उभं राहून शिकवलं: गुडघे वाक, पाठ नको, मान आधी, घाई करू नको. त्या दिवशी माईंना प्रकाशने उचललं. नाना रिकाम्या हाताने बाजूला उभे होते. त्या घरात मी पाहिलेलं सगळ्यात अवघड दृश्य तेच.

दुकान विकलं गेलं, आणि दोघं प्रकाशकडे नाशिकला राहायला गेली. पुढे माझीही बदली नाशिकला झाली, आणि अधूनमधून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. माई गेल्या, तेव्हा नाना रडले नाहीत. पण त्यानंतर ते माईंच्याच पलंगावर पडून असत. आता प्रकाश त्यांनाही उठवून बसवायचा, भरवायचा. मी त्यांना शेवटची भेटायला गेले, त्या दिवशी प्रकाश स्वयंपाकघरात होता. नाना हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पोराच्या हाताला चांगलं वळण हाय. मला धरतो, तर दुखत नाय. माझे हात तारेचे. मी हिला रोज दुखवलं असणार. ती बोलली नाय, एवढंच."

निघताना प्रकाश मला रिक्षापर्यंत सोडायला आला. मी त्याला हे सांगितलं. तो थबकला. "आई तर उलटंच म्हणायची," तो म्हणाला. "मी उचललं की म्हणायची, तू घाई करतोस, तुझ्या बापाचे हात बरे होते."

"हे नानांना सांगितलंस कधी?"

"नाही. मलाच वाईट वाटायचं ते ऐकून."

"आज सांग."

त्यानंतर थोड्याच दिवसांत नाना गेले. स्मशानातून परतल्यावर प्रकाश माझ्याजवळ येऊन बसला. मला रिक्षात बसवलं त्याच संध्याकाळी त्याने नानांना आईचं बोलणं सांगितलं होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाले, परत सांग."

"सांगितलंस?"

"त्यांना झोप लागेपर्यंत सांगत होतो."