निळीच्या पाण्याची बाटली

माझी मुलगी संगणकाच्या कामात आहे. परवा तिनं सांगितलं, मशीनच्या स्मृतीतल्या नको झालेल्या वस्तू आपोआप झाडून निघतात आणि उरलेल्या सरकवून जागा मोकळी केली जाते. पण एखादा प्रोग्राम वस्तूची जुनी जागाच धरून बसला, तर तिथं भलतंच काही हाती लागतं. असे धरून बसलेले हुडकणं हे तिचं काम. ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. साठच्या दशकातला अकोल्याचा दवाखाना आठवला.

मी तिथं नर्स होते. औषधांची फळी एकच. दर शनिवारी रिकाम्या बाटल्या काढायच्या आणि भरलेल्या सरकवून नव्यांना जागा करायची, हे काम डॉक्टरांनीच मला लावून दिलेलं. लेबलं मी ठळक लिहीत असे. पण कंपाउंडर कशाला वाचतोय! त्याचा हात सवयीनं जायचा. एका सोमवारी डोळ्यांच्या औषधाच्या जुन्या जागी जखमेवर लावायचं टिंक्चर आलं होतं. तेच त्यानं फुलं विकणाऱ्या एका बाईच्या डोळ्यात घातलं. त्या डोळ्यानं तिला पुन्हा कधी दिसलं नाही.

"सिस्टर बाटल्या सरकवून ठेवते, मी काय करू?" कंपाउंडर म्हणाला, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. पुन्हा असं झालं तर मला घरी बसवणार म्हणे! आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. वाचता येत असून न वाचणारा माणूस मला तेव्हा कळला नाही, आजही कळत नाही. त्या रात्री मी जेवले नाही, इतका संताप आला होता.

पुढच्या शनिवारी डोळ्यांचं औषध हलवलं. त्याच्या जुन्या जागी दुसरं औषध न ठेवता तशीच दिसणारी बाटली ठेवली, आत निळीचं पाणी आणि वर लेबल: 'हे औषध नाही'. वाचणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता.

सोमवारी सगळ्या पेशंटांसमोर कंपाउंडरच्या ड्रॉपरमध्ये निळं पाणी चढलं. डॉक्टर उठून आले, बाटली पाहिली आणि मलाच म्हणाले, "सिस्टर, हा पोरखेळ बंद करा."

"आधी त्यांना वाचायला सांगा, मग करते." माझा आवाज चढला होता. चढू दे.

बाकावर तीच फुलवाली बसली होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा लाल झालेला. तिनं सगळं पाहिलं होतं. कंपाउंडर दुसरी बाटली घेऊन तिच्याकडे आला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"मले वाचता येत नाई, भाऊ. तुले येते ना? मंग मोठ्यानं वाच. तवाच डोया उघडतो मी."

त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्यानं लेबल वाचलं, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं.

तिनं उरलेला डोळा उघडला.