स्थळ घेऊन एकटीच: वडवणी, अंबाजोगाई, धर्मापुरी

आमच्याकडे स्थळ घेऊन मुलीकडच्यांनी जायचं असतं. चार जाणती माणसं, एक मध्यस्थ, भाड्याची जीप, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करणं वगैरे मोबाईलवर बघायला छान वाटतं, पण तिथंही बसलेला पुरुषच असतो. माझ्या बाबतीत दोन्हींची बोंब. वडील गेलेले. भाऊ म्हणाला, "ताई, ह्या वयात कशाला फंदात पडतेस?" आणि ज्यानं गुडघ्यावर बसायचं, तो नागनाथ अंबाजोगाईच्या भांड्यांच्या दुकानात कित्येक वर्षं मांडी घालून बसलाय. शेवटी दिवाळीनंतर रजा टाकली आणि मीच निघाले. मुलगी मीच आणि मुलीकडचीही मीच.

पर्समध्ये अंगठी होती. तिचं माप कसं घेतलं ते सांगते. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या दिवशी भेळ कालवायची म्हणून नागनाथनं बोटातली अंगठी काढून माझ्याकडे सांभाळायला दिली होती. ती माझ्या अंगठ्यात चपखल बसली. एवढं माप मला आजवर पुरलंय. पुण्यात सोनारापुढं मी सरळ अंगठा धरला, तर तो म्हणाला, "हो मॅडम, अंगठ्यात घालायची फॅशन आहे सध्या." मी म्हटलं, असेल.

पुण्याहून पहाटेची बीड गाडी धरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिडकीसाठी भांडायला अंगात बळ उरतं. अहिल्यानगरला चहा घ्या, वडा घेऊ नका. बीडला उतरून मी परळीची गाडी पकडली, कारण ती वडवणीवरून जाते आणि वडवणी माझं गाव. आता तिथं आमचं कुणी नाही. आई भावाकडे असते, घरात भाडेकरू आहेत. पण बाजाराचा दिवस होता, म्हणून उतरले. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. डोळे उघडलेली, हात लावला की फुटतील अशी फळं. पुण्यात ज्या भावात चार येतात त्यात इथं पिशवी भरली.

पाटीवरच्या मावशींनी पेढ्यांचा बॉक्स बरोबर हेरला. "कुणीकडं निघालीस बाई?"

"अंबाजोगाईला. स्थळ घेऊन."

"एकलीच? संगं बाप्या माणूस न्हाई?"

"न्हाई."

"पोरगी कुणाची हाय?"

"ओळखीतली आहे," मी म्हटलं. मावशींनी एक सीताफळ जास्तीचं टाकलं. "हे त्या पोरीला दे." ते मी पुढच्या गाडीत खाल्लं.

परळी ते अंबाजोगाई हा तासाभराचाही रस्ता नाही. इथली कथा अशी की कोकणातून आलेल्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली, कुमारी. गावाजवळ लेण्यांपाशी जे दगडी हत्ती आहेत ते त्याच वऱ्हाडातले, असं सांगतात. बघून या, वेळ थोडा लागतो. आम्ही बौद्ध, माझं देवीकडे काही मागणं नसतं. पण कॉलेजच्या दिवसांत मला तिचा राग यायचा. एवढ्या जवळ येऊन कुणी थांबतं का? ह्या खेपेला खिडकीतून कळस दिसला, तेव्हा राग आला नाही.

बसस्टँडजवळ लॉज बऱ्यापैकी आहेत. खोली आधी बघा, नळ सोडून बघा, मग हो म्हणा. मी तोंड धुतलं, साडी नेसले आणि बॉक्स घेऊन नागनाथच्या दुकानात गेले.

तो कुणाच्या तरी लग्नाच्या घागरीवर नाव घालत होता. हातात ते किर्रकिर्र वाजणारं मशीन, कानामागं पेन्सिल. 'मामाकडून सप्रेम भेट' एवढं पुरं केल्याशिवाय त्यानं मान वर केली नाही. मग बघतच राहिला. "कवा आलीस?" म्हणाला, आणि हात पुसायला फडकं शोधत बसला, ते त्याच्या खांद्यावरच होतं.

घर दुकानाच्या मागंच. नागनाथचं घर लिंगायत, पण कॉलेजची तीनही वर्षं मी त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी बसून जेवले. माझ्या ताटात कधी फरक झाला नाही. ह्याच जिवावर तर मी पुण्याहून निघाले होते.

"लॉजवर कावून उतरलीस गं? घर काय पळून गेलतं का?" काकूंनी पहिली हजेरी घेतली. पुढ्यात शेंगोळे आले. हुलग्याचं पीठ बोटाएवढं वळून लसणाच्या रश्श्यात शिजवलेले, माझा जीव की प्राण. पहिला घास घेतला आणि काकूंची नजर बॉक्सवर गेली.

"पेढे कशाचे?"

बसमध्ये घोकलेलं वाक्य मी सुरू केलं. "काकू, नागनाथसाठी..."

"स्थळ आणलंस?" त्यांनीच पुरं केलं, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की माझ्या तोंडून पुढचं निघेना. "आगं मंग बोल की. कुठली हाय पोरगी?"

मुलगी समोर बसून शेंगोळे खातेय, हे त्यांच्या मनातही आलं नाही. आपलं स्थळ कुणी आपणच घेऊन येत नाही. मध्यस्थ येतो. मी त्यांच्या दृष्टीनं मध्यस्थ झाले होते.

"मूळची आपल्या जिल्ह्यातली," मी म्हटलं. "नोकरी पुण्यात."

"वय?"

"नागनाथएवढंच."

"चालतंय. ह्यो तरी कुठं बावीसचा हाय? शिकलेली?"

"माझ्याएवढी."

"रंगानं?"

"माझ्यासारखीच."

"मंग चांगलीच हाय की. सैपाक येतो का?"

"खाता येतो."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दुकानदार चालंल का तिला? आता दुकानदाराला कुणी पोरगी देत न्हाई बाई. समद्यांना नोकरीवाला पाहिजे."

"तिला हाच पाहिजे," मी म्हटलं.

नागनाथ दारात उभा होता. त्याला कळलं. फडकं हातात तसंच राहिलं आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात एवढी सुखी कधी झाले नव्हते. पुढं काहीही होवो, ती दोन मिनिटं माझी आहेत.

"आपल्यातलीच हाय नव्हं?" काकूंनी विचारलं.

बोटं रश्श्यात तशीच राहिली. "नाही काकू. आमच्यातली आहे."

काकूंनी पळी भांड्यात ठेवली. "मंग कावून आणलंस गं," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बाजारातून मी चुकीच्या मापाचं झाकण आणलं असतं, तर असाच लागला असता त्यांचा आवाज. "पोरगी गुणाची असंल. पण भावकी हाय. लेकींच्या सासरची माणसं हायत. तुला काय सांगायचं?" आणि मग, "घे की अजून, तुला आवडतेत म्हणून तर केलेत."

मी घेतलं. पुन्हा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथनं दुकान उघडलं नाही. मोटारसायकल लॉजखाली लावली आणि म्हणाला, "धर्मापुरी बघायची ऱ्हायलीय न्हवं तुझी?" अंबाजोगाईहून घाटनांदूरवरून रस्ता आहे. मधेमधे उखडलाय, चारचाकी असेल तर सावकाश. पाणी सोबत घ्या. दोन्ही बाजूंना ज्वारी हातभर वर आलेली होती आणि ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. मी मागं बसले होते, दोघांच्या मधे पर्स ठेवून.

धर्मापुरीचं जुनं शिवमंदिर बघायला वाट वाकडी करा, पस्तावणार नाही. बाहेरच्या भिंतीवर दगडी बायका आहेत, एकीपेक्षा एक देखण्या. कुणी आरसा बघतेय, कुणी केस बांधतेय. सगळ्या नटूनथटून कुणाची तरी वाट बघत असाव्यात, असं मला वाटलं. अर्थात त्या दिवशी मला विजेचा खांबही तसाच वाटला असता.

ओट्यावर बसलो. मग नागनाथनं विचारलं, "त्या पोरीला काय सांगणार हाईस?"

"तू सांगशील ते."

"म्हणावं, पोरगं हो म्हणतंय." तो जमिनीकडे बघत होता. "कॉलेजापासून हो म्हणतंय. पण आईपुढं त्याचं तोंड उघडत न्हाई."

"मग कधी उघडायचं?"

"आई हाय तवर न्हाई व्हायचं. अन् आई नसावी, असं कसं म्हणू?"

मला संताप आला. सरळ नाही म्हणाला असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. हो म्हणून अडकवून ठेवलं मला. मी पर्समधून अंगठी काढली आणि ओट्यावर ठेवली. गुडघ्यावर वगैरे कुणी बसलं नाही. त्यानं ती उचलली, बोटात घातली. बरोबर बसली. नाव नीट उमटलं का हे घागर फिरवून बघतात, तसा त्यानं हात उलटासुलटा करून बघितला.

"माप कसं कळलं?"

मी अंगठा दाखवला. त्याला भेळ आठवली. तो हसला आणि डोळे पुसायला त्यानं मान तिकडे वळवली. मग अंगठी काढून माझ्या अंगठ्यात घातली आणि म्हणाला, "सांभाळ."

परतीची गाडी केजवरून घेतली. वडवणी लागणार नाही ह्याची काळजी घेऊन. पेढ्यांचा बॉक्स काकूंनी ठेवून घेतला होता. स्थळ माघारी गेलं तरी गोड माघारी लावत नाहीत.

तर खर्चाचं म्हणाल, तर ही सहल कुणालाही परवडेल अशी आहे. तीन दिवस, एसटी, साधा लॉज, जेवण बहुतेक लोकांच्या घरी. दिवाळीनंतर जा, तेव्हा सीताफळं असतात. मला काय परवडलं ते अजून ठरत नाही. अंगठी अंगठ्यातच आहे. ऑफिसात विचारतात, तेव्हा मी फॅशन आहे म्हणून सांगते. संध्याकाळी भाजी चिरताना ती सुरीच्या मुठीला लागते आणि मला तो हवा असतो, इथं, ओट्याशेजारी, खांद्यावर फडकं टाकून.

गेल्या रविवारी भाजी चिरत होते, तेव्हा काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, गुडघे झाले, लेकींची बाळंतपणं झाली. मग म्हणाल्या, "उज्जू, त्या पोरीचं जमलं का गं कुठं?"

"नाही, काकू."

"दुसरीकडं बघतेत का?"

"ती नाही बघत."

तिकडं काकूंनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "नागूनं बी परवाचं स्थळ माघारी लावलं. कावून म्हणलं तर बोलंना. नुसता घागरी घासत बसतोय." आणि मग, "नवे हुलगे दळून आणलेत मी. तिला इचार बरं, शेंगोळे आवडतेत का."

मी सुरी खाली ठेवली. "आवडतात, काकू," मी म्हटलं. "लई आवडतात."