कॅमेऱ्याचं अंगडं

आमच्या सगळ्या नात्यात माझ्या थोरल्या साडूंइतकी दहशत दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूसही अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. अकोल्याला राहतात, भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, आवाज कधी चढत नाही, चहात साखर कमी पडली तरी मागत नाहीत. पण खांद्याला ती चामड्याची बॅग अडकवून ते फाटकातून आत आले की घरातली साठीपुढची माणसं पांगायची. कुणाला अंघोळ आठवायची, कुणाला देऊळ. कारण त्या बॅगेत रोलचा जुना कॅमेरा असायचा आणि तो ते फक्त म्हाताऱ्या माणसांवर चालवायचे. कशासाठी, तेही लपवत नसत. माझ्या काकांना त्यांच्या पंच्याहत्तरीच्या पंगतीत ते शांतपणे म्हणाले होते, "मोबाइलमधला फोटो मोठा केला का माणूस गोरा दिसते, पण आपला दिसत नाही. भिंतीवर लावाचा फोटो रोलवरच काढून ठेवा लागते. मंग घाईगर्दीत कोन शोधते?" काकांच्या घशाखाली श्रीखंड उतरेना. पुढे वर्ष पुरं व्हायच्या आत काका गेले, फोटो कामी आला, आणि तो इतका सुरेख होता की साडूंची बदनामी कायमची झाली.

कॅमेऱ्यांच्या दुखण्यांपुढे त्यांना स्वतःच्या गुडघ्यांचीही शुद्ध नसते. उन्हाळ्यात अकोल्याच्या उष्म्यानं कॅमेऱ्यातलं तेल पातळ होतं, आणि कूलरच्या ओलीनं भिंगाला बुरशी धरते. म्हणून मे महिनाभर ते कॅमेरे कूलरच्या खोलीतून बाहेर आणि बाहेरून परत कूलरच्या खोलीत नेत-आणत असतात. स्वतः मात्र कुठंच धड टेकत नाहीत. बुरशी धरलेली भिंगं गच्चीवर माझ्या मेहुणीच्या कुरडयांशेजारी उन्हात ठेवतात. "माह्या कुरडयाईले निदान कावळा तरी येते," मेहुणी म्हणते, "याईच्या काचाईले थोही इचारत नाही." हल्ली कॉलेजातल्या पोरांना या कॅमेऱ्यांचं नवं वेड लागलंय. ती अमरावतीहूनही साडूंकडे येतात. साडू कॅमेरा कानाला लावून खटका दाबतात, पुन्हा दाबतात, आणि मग एखाद्या नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या सुतकी चेहऱ्यानं "याले दमा आहे" म्हणतात. पोरगं हादरतं. शेवटी सगळ्यांना एकच धडा मिळतो. "डावीकडची ही चकती पाहत जा. रोल सरकवाची दांडी ओढल्यावर ते फिरली तर आत रोल सरकला. नाही फिरली तर तुमी हवेचे फोटो काढून राहिले." हा धडा त्यांनी लग्नात दिलाय, बारशात दिलाय, दवाखान्यात सलाइन लावलेल्या व्याह्यांनाही दिलाय.

आमच्या सासूबाई परतवाड्याला असत. जावयाची बॅग चुकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जावई अंगणात तर त्या परसात, जावई परसात तर शेजारी. अशी कैक वर्षं गेली. मग एका फाल्गुनात त्यांनीच अकोल्याला फोन केला, "जवाईबापू, येऊन जा. काढून घ्या आता." बस एवढंच. माझ्या बायकोनं ते ऐकलं आणि हातातलं काम टाकून ती रडत बसली.

साडूंनी मात्र तयारी आरंभली. त्यांच्या सर्वांत चांगल्या कॅमेऱ्याच्या झाकणाच्या कडेचा स्पंज उन्हानं वितळून डिंकासारखा झाला होता. फटीतून उजेड शिरून रोल खराब होईल, ही धास्ती. त्यांनी तो खरवडून काढला, नवा लावला, तरी जीव शांत होईना. मग जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचं एक अंगडं त्यांनी मेहुणीकडून शिवून घेतलं. भिंगाला भोक, डोळ्याला भोक, बोटाला भोक, बाकी कॅमेरा तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला. आम्ही हसलो. ती डावीकडची चकतीही त्या अंगड्याखाली गेली, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि जन्मभर तोच धडा देणाऱ्या साडूंच्याही आलं नाही.

परतवाड्याला सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, कवळी लावून अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. साडूंनी घरात जाऊन रोल भरला, अंगडं चढवलं, आणि सगळ्यांना मोबाइल आत ठेवायला लावले. म्हातारीची नजर हलते म्हणून. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. खटका वाजला की सासूबाई विचारत, "झालं का?" "झालं, आई." "मंग आनिक एक काढा. आता मी हासते." आणि त्या खरंच हसल्या, पदर तोंडाला न लावता.

पावसाळ्याआधीच त्या गेल्या. रोल तेव्हाही कॅमेऱ्यातच होता, थोडा शिल्लक होता म्हणून. तेरवीला फोटो हवा, म्हणून साडूंनी न्हाणीघरात अंधार करून तो गुंडाळायला घेतला, तर रोल परत गुंडाळायची मूठ हातात रिकामीच फिरू लागली. झाकण उघडलं. रोल जसा भरला होता तसाच होता, त्याची जीभ बाहेर लोंबत होती. तो आतल्या चाकाच्या दात्यांत कधी अडकलाच नव्हता.

तेरवीला भिंतीवर जो फोटो लागला तो कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कापलेला होता, आणि त्यात सासूबाईंच्या गालाशी परक्या माणसाचं कोपर होतं. गोष्ट लपवता आली असती, पण साडू दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले. "रोल सरकलाच नाही. कपड्याखाली चकती दिसली नाही मले." माझ्या बायकोच्या भावानं हाताला धरून आत नेलं, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाले, "फोटोचं जाऊ द्या, भाऊ. आई इचारे झालं का, आन् मी दर खेपेले झालं म्हनत गेलो." मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं, की मी नुसता पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

त्यानंतर त्यांनी पोरांचे कॅमेरे दुरुस्त केले, पण स्वतः रोल भरला नाही. त्यांची बॅग पाहून आता कुणी पांगत नाही, आणि ते मला अजिबात बरं वाटत नाही. या मे महिन्यात अकोल्याला गेलो होतो, तेव्हा भर दुपारी व्हरांड्यात खुर्ची ओढून मीच म्हटलं, "साडूभाऊ, माहा काढा एक. मी बी साठीच्या पुढं गेलो." ते उठून आत गेले. आतून कॅमेरा आणला, रोल भरला, चकती फिरते का ते पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग डोळा लावला. माझी मान अवघडली तरी खटका वाजेना. शेवटी त्यांनी कॅमेरा हळूच मांडीवर ठेवला.

"आज उजेड बरोबर नाही," ते म्हणाले.

समोर रस्त्यावर ऊन असं पेटलं होतं की डोळे उघडवत नव्हते.

"हो," मी म्हटलं, "आभाळच आहे जरा."