चौथा फोन

आमचा धंदा लोकांना पटकन कळत नाही. प्लंबर का, असं विचारतात. प्लंबर फुटलेला पाइप जोडून जातो, त्यानंतर घरात जे पाणी उरतं ते आमचं. पंप लावून ते उपसायचं, भिजलेल्या गाद्या बाहेर काढायच्या, भिंतींना आणि कपाटांच्या मागं मोठे ब्लोअर लावून दोन-तीन दिवस सगळं वाळवायचं. नाहीतर आठवड्याच्या आत बुरशी चढते. आग विझल्यानंतरची काजळी धुण्याची कामंही आम्ही घ्यायचो. आम्ही नवरा-बायको दोघं आणि लागतील तशी रोजावरची माणसं.

आम्ही दोघंही निपाणीकडचे. हे बंगळूरला आले ते एका कारखान्यात देखभालीच्या कंत्राटावर. कंत्राट संपलं तेव्हा पंप आणि मोटारींखेरीज यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून हा धंदा. काही वर्षं बरा चालला, कारण सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीचा मॅनेजर आम्हाला ओळखत होता. तिथं सारखा कुणाच्या ना कुणाच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटायचा. मग सोसायटीनं देखभाल दुसऱ्या कंपनीला दिली, मॅनेजर गेला, आणि त्याच्याबरोबर आमचा फोन वाजायचा थांबला.

दोन महिने आम्ही फोनकडं बघत बसलो. आमच्या बनशंकरीतल्या दुकानांतून कार्डं वाटली, लिफ्टमध्ये चिकटवायला स्टिकर छापले. पण ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो स्टिकर शोधत नाही, मोबाइल उघडतो. त्या मोबाइलमध्ये आम्ही कुठंच नव्हतो. तेव्हा यांना कुणीतरी सांगितलं की अशी गिऱ्हाइकं मिळवून देणाऱ्या कंपन्या असतात. घरमालक त्यांच्या वेबसाइटवर फॉर्म भरतो, आणि त्याचं नाव-नंबर ते आपल्याला पाठवतात. त्यांच्या भाषेत लीड.

इंदिरानगरला एका कंपनीचं ऑफिस होतं. काचेच्या खोलीत एका मुलीनं पडद्यावर बंगळूरचा नकाशा दाखवला. त्यावर लाल ठिपके लुकलुकत होते. "सर, हा प्रत्येक ठिपका म्हणजे आत्ता, या क्षणी अडचणीत असलेलं घर," ती म्हणाली. यांनी खुर्ची पुढं ओढली. आम्ही विचारलं, कुठल्या भागातले फोन येतील? ती म्हणाली, तुम्ही सांगाल त्या. आम्ही दक्षिणेकडचा भाग सांगितला आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. एकच प्रश्न विचारायचा राहिला, आणि तो राहिला हे कळायला आम्हाला दीड महिना लागला.

लीड यायचे, नाही असं नाही. मोबाइल टिंग करायचा, हे झडप घालून नंबर लावायचे, आणि समोरून उत्तर यायचं, "दुसरे येतायत." कधी, "तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?" एका बाईंनी तर फोन उचलताच रडायला सुरुवात केली. "तुम्ही सगळे फोन करायचे थांबा हो. माझा नवरा बाहेरगावाहून लावतोय, त्याला लाइन मिळत नाहीये." यांनी "सॉरी मॅडम" म्हणून फोन ठेवला.

पण त्यातून ते शिकले एवढंच, की आपण अजून लवकर फोन करायला हवा. आंघोळीला जाताना मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायला लागले. जेवताना तो डाव्या हातात. त्याच सुमारास एकदा पंप उचलताना कंबर धरली. डॉक्टरांनी पट्टा बांधायला सांगितला आणि वजन उचलू नका म्हणाले. वजन उचलायचं काम होतं कुठं? मी एकदा म्हटलं, "अहो, ही कंपनी आपल्याला फसवतेय असं वाटतंय. दुसरी बघू या का?"

"फसवत नाहीये. मीच कमी पडतोय," हे म्हणाले.

हे ऐकून मला राहवलं नाही. माझी धाकटी बहीण आयटीत आहे. तिच्याकडं एक जास्तीचं सिम पडून होतं. ते मी मागून आणलं, जुन्या फोनमध्ये घातलं आणि एके दिवशी दुपारी वाळवण उलटायला म्हणून गच्चीवर गेले. तिथं टाकीच्या सावलीत बसून त्या कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. खोटं नाव. इंदिरानगर. पाइप फुटलाय, घरात घोट्याइतकं पाणी आहे. इंदिरानगर मुद्दाम लिहिलं, कारण तो आमचा भाग नव्हता. आम्हाला तो लीड येणारच नाही, अशी माझी समजूत होती. एका फॉर्मवर किती जण फोन करतात, एवढंच मला मोजायचं होतं.

मिनिटभरात पहिला आला. एका बाईनं पाठ केल्यासारखे प्रश्न विचारले, फ्लॅट स्वतःचा का भाड्याचा, विमा आहे का. दुसरा माणूस कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, मी निघालोच. घाबरू नका." तिसऱ्यानं फोटो मागितले. मी तिघांनाही कन्नडमधून काहीतरी गुळमुळीत बोलून गप्प केलं.

चौथा फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर नुसता नंबर होता. त्या फोनमध्ये कुणाचंच नाव साठवलेलं नव्हतं. मी उचलला. आवाज आधी जिन्यातून वर आला, आणि मग फोनमधून.

"नमस्कार मॅडम, तुमच्या घरात पाणी शिरलंय ना?"

हे होते. खाली आमच्याच घरात, बहुधा खिडकीपाशी उभे. मी पदराचं टोक तोंडावर धरलं.

"मॅडम, आमची गाडी तुमच्याच भागात आहे. वीस मिनिटांत पोचतो. मॅडम? ऐकताय ना? प्लीज फोन ठेवू नका. बाकीचे लोक सांगतील आणि येणार नाहीत. मी स्वतः येतो. काम बघा, पसंत पडलं तरच पुढचं बोलू. मला एकदा फक्त येऊ द्या, मॅडम."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. हा माणूस माझ्या वडिलांपुढं वाकला नव्हता, की कारखान्यातल्या साहेबापुढं. कंत्राट संपल्याचं सांगतानासुद्धा याचा आवाज सरळ होता. आता तो कुणा अनोळखी बाईपुढं गयावया करत होता, आणि ती बाई मी होते. नको म्हणून फोन ठेवायचा, एवढंच करायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बन्नी." या. आणि वर पुन्हा, "बेग बन्नी." लवकर या.

"थँक यू मॅडम. थँक यू. थँक यू."

फोन बंद झाला, आणि खालून हाक आली, "अगं, ऐकलंस का! काम मिळालं! इंदिरानगर! गॅस बंद कर आणि तूही चल!"

हातातला फोन पाचव्यांदा वाजला, मग सहाव्यांदा. मी उचलला नाही. खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, तशी मी उठून धावले. हे कमरेचा पट्टा आवळून पंप उचलून जिन्याच्या अर्ध्यावर पोचले होते. चेहरा लाल झाला होता, पण हसरा. कितीतरी दिवसांनी हसरा.

"ठेवा तो खाली," मी म्हटलं.

"वेळ नाहीये गं, वीस मिनिटं म्हणून बसलोय."

"अहो, तिथं पाणी नाहीये."

त्यांना कळलं नाही. मी फोन पुढं केला. स्क्रीनवर आलेल्या नंबरांची रांग होती. तिच्यात स्वतःचा नंबर त्यांना दिसला. त्यांनी तो दोनदा वाचला, ओठ हलताना मला दिसले. मग ते हळूच पायरीवर बसले आणि पंप शेजारी टेकवला.

"किती जणांनी केले?"

"सहा."

"मी कितवा?"

"चौथा."

"मी तर मेसेज आल्या आल्या लावला होता," ते म्हणाले. "तू हो का म्हणालीस?"

"नाही म्हणवलं नाही."

तेवढ्यात मला दुसरा फोन करणारा आठवला, तो निघालोच म्हणाला होता. मी घाईघाईनं त्याला लावला. मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "अक्का, डोमलूरच्या सिग्नलला आहे, पाच मिनिटं," तो म्हणाला. नका येऊ, असं मी सांगितलं. त्यानं विचारलं, "दुसरे पोचले काय?" मी हो म्हटलं. "सरी, अक्का," बरं, एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तोही कुणाच्या तरी घरातून धावत निघाला असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंदिरानगरला गेलो. एक लीड सहा जणांना कसा देता, आणि आम्ही न मागितलेल्या भागातला आम्हाला का, असं यांनी विचारलं. त्याच मुलीनं कराराची प्रत उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. एक लीड कितीही जणांना, कुठल्याही भागात देता येईल, अशी ओळ होती. आम्ही वाचली नव्हती. ती वाईट मुलगी नव्हती. "सर, जो पहिला बोलतो त्याला मिळतं," असं हळू आवाजात म्हणाली. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं, की यांनी फोन कपाटात ठेवून दिला होता, आणि फोन सतत हातात असायचा त्यापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली. शेवटी कपाटातून तो मीच काढला. एकेका कंपनीला लावून पहिलाच प्रश्न विचारायचे, "हा फोन अजून किती जणांना जातो?" कुणी विषय बदलायचं, कुणी म्हणायचं, आमच्याकडं सगळंच आहे, आधी पैसे भरा.

एकानं सरळ नाही म्हटलं. छोटी कंपनी, मालक स्वतःच बोलत होता. "एका भागात मी एकालाच देतो. बनशंकरी-जयनगरची बाजू दुसऱ्याला दिलीय. ती तुम्हाला देता येणार नाही. सर्जापूर रोड रिकामा आहे."

हे शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आमचं घर बनशंकरीत आहे. दोघांना द्या की. मी लवकर फोन करतो."

"मग तुम्हाला काय उपयोग, अण्णा? आणि त्यालाही?"

मग यांनी विचारलं, "तुमच्याकडून काम घेणाऱ्या एकाशी बोलू शकतो का?" त्यानं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एकाचा नंबर दिला. तो माणूस म्हणाला, कधी महिन्यात चार येतात, कधी एकही नाही. पण येतो तो आपल्या एकट्याचाच. गिऱ्हाइकाचा फोन थेट आपल्याला जोडून देतात, फॉर्म-बिर्म नाही. आणि चुकीचा निघाला तर त्याचे पैसे धरत नाहीत.

या कंपनीचे पैसे भरायला आम्ही हवेतली ओल शोषणारं मोठं यंत्र विकलं. लागेल तेव्हा भाड्यानं आणायचं ठरवलं.

पहिला फोन अकरा दिवसांनी आला. त्या अकरा दिवसांत यांनी मला पाच-सहा वेळा तरी विचारलं असेल, पुन्हा फसलो का गं? तो फोन सर्जापूर रोडवरच्या एका निवृत्त गृहस्थांचा होता. मुलीकडून दहा दिवसांनी परतले तर स्वयंपाकघरातल्या फिल्टरचा पाइप निसटलेला, आणि सगळ्या खोल्यांत पाणी. त्यांनी विचारलं, "तुम्हीच येणार ना? का अजून चौघांचे फोन येणार?"

"आम्हीच," हे म्हणाले. "पण बनशंकरीहून यायचंय, दीड तास लागेल. तोवर मेन व्हॉल्व्ह बंद करा. मीटरजवळचा स्विच कोरड्या जागेवरून हात पोचत असेल तरच पाडा, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर पाण्यात पाय घालू नका."

"दीड तास?" गृहस्थ म्हणाले. "बरं. पण या."

काम तीन दिवस चाललं. कंबर दुखत होती म्हणून हे नुसते उभे राहून सांगत होते. उपसायचं आणि पुसायचं काम मी आणि रोजावरच्या दोघी बायकांनी केलं.

एवढ्या कामांवर भागत नाही. यांनी एका सोसायटीत पंप ऑपरेटरची नोकरी धरली आहे. फोन आला की बदली माणूस ठेवून निघतात. फोन आता माझ्याकडं असतो. गेल्या महिन्यात दोनच आले, त्यातल्या एकाला प्लंबर हवा होता. पुढच्या महिन्यात कंपनीचा करार संपतोय. काल जेवताना मी विचारलं, चालू ठेवायचा का.

"अजून सहा महिने बघू," हे म्हणाले आणि ताट घेऊन मोरीकडं गेले.