तांड्यावर घेतलेला अंगठा

त्या खटल्याची फाइल मीच बांधली. तरी तिच्यात मी बरोबर कुठे वागलो आणि चुकलो कुठे, याचा हिशेब अजून लागत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकते झाले होते. घाटंजी भागात मी नवा फौजदार. आमच्या घरातला पहिला पदवीधर. या नोकरीसाठी माझी शिफारस करणाऱ्या वरिष्ठ साहेबांचा शब्द मी कधी मोडला नव्हता.

एका बंजारा तरुणाची उजव्या हाताची दोन बोटे कुऱ्हाडीने तुटली होती. "बैलगाडीवरून पडला तो," असे तांड्याजवळच्या एका शेतमालकाचा मुलगा ठासून सांगे. कापूस वेचणाऱ्या एका बाईने बाजारात जमादाराला हळूच सांगितले, "कुऱ्हाड पऱ्हाट्याच्या ढिगात हाये." मालकाच्या शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग उपसून पंचांसमक्ष जप्ती झाली. कुऱ्हाड पुढ्यात ठेवताच मुलगा ढासळला. "त्यानं आमच्या वावराच्या धुऱ्यावर बैल चारायले घातले. मले राग आला, साहेब."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण कुऱ्हाड होती, साक्षीदार होते. खटला दाखल झाला आणि साहेबांचा निरोप आला: "तांड्यात मिटवा. सरकारी वकिलांना खटला मागे घ्यायला सांगा."

तांड्याच्या प्रमुखाने, म्हणजे नायकाने, पंचायत बसवली. निम्मा तांडा त्याच मालकाच्या शेतात राबत होता. "मिटलं," नायक म्हणाला. जखमी तरुण मान खाली घालून गप्प होता. मी 'तडजोड मान्य' लिहून त्याचा डावा अंगठा घेतला.

सरकारी वकिलांनी कागद वाचला. "फौजदारसाहेब, हा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. खटला मागे घ्यायचा तर आधी मला पटलं पाहिजे, मग कोर्टाला. तुमचे साहेब कोणत्या कलमात बसतात?" त्यांनी नायकाला वगळून तरुणाला एकट्याला माझ्यासमोर बोलावले. "पंचायतीत का बोलला नाहीस?"

"नायकापुढं कोन बोलते जी? अन् मले इचारलं कोनं? ह्या साहेबांनं त अंगठाच मांगला."

"आता मी विचारतो. मागे घेऊ?"

"नोका घेऊ."

वकिलांनी नकार कळवला. आठवड्यात खटला दुसऱ्या वकिलांकडे गेला आणि त्यांनी माझाच कागद जोडून मागे घेण्याचा अर्ज केला. मॅजिस्ट्रेटांनी मला विचारले, "संमती यानेच दिली?"

साहेब आठवले. तरी तोंडून निघाले, "अंगठा मी घेतला, हुजूर. संमती विचारली नव्हती."

अर्ज फेटाळला गेला. पुढे मालकाच्या मुलाला शिक्षाही झाली.

खटला कोणी चालवायचा, कोणी थांबवायचा, यात पोलिसाने हात घालू नये, एवढे मी शिकलो. मात्र दिवाळीला साहेबांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा ते बाहेर आले नाहीत. त्या अंगणात किती वेळ उभे राहायला हवे होते, ते मला अजून कळलेले नाही.