ओट्याशेजारची फळी

धुळ्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीत ओट्यावर स्टोव्ह ठेवला की वाटीलाही जागा उरत नसे. उतरवलेली गरम पातेली बायको खाली फरशीवरच ठेवायची. "भिंतीला एक फळी ठोकून द्या हो," असं ती सारखी म्हणायची. मी घरमालकांना दोनदा विचारलं. "भाऊ, खिळा नको. गिलावा पडतो," ते म्हणाले, आणि मी गप्प बसलो.

त्या उन्हाळ्यात, नुकती चालायला लागलेली आमची मुलगी तोल जाऊन उकळत्या वरणाच्या पातेल्यात पडली. सरकारी दवाखान्यात ती चार दिवस जगली.

आठवड्याने मी फळी आणि लोखंडी कोन आणले आणि कुणालाही न विचारता ठोकायला लागलो. आवाज ऐकून घरमालक आले. गिलाव्याचा पोपडा त्यांच्या पायाशी पडला. पुढे होऊन त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं.

बायको मोरीत भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. पुढे दोन वर्षं आम्ही तिथेच राहिलो. पातेली ती फळीवर ठेवायची, पण त्या फळीबद्दल माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही.